सर्व्हरला पडलेलं भोक आणि वहिनींची बढती

ती. आत्यास,

पाठ परवानगी देते तितका वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? माझ्या तब्येतीचं विचारू नकोस. डोळे उघडे दिसतात म्हणून लोक मला जागा समजतात, एवढंच.

तुला ठाऊकच आहे, आमच्या कचेरीतले यंत्रांचे आराखडे एका सर्व्हरवरून येतात-जातात आणि त्याची राखण माझ्याकडे. (राखण म्हणजे सगळ्यांची बोलणी खाणं.) मध्यंतरी त्याचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांचा ईमेल आला, की त्यात एक भोक सापडलंय: कुणीही साधा खातेदार स्वतःच्या नावापुढे स्वतःच 'प्रमुख' (म्हणजे माझ्यासारखा, सगळे अधिकार असलेला) लिहू शकतो आणि सर्व्हर मुकाट मान डोलावतो. दुरुस्तीही सोबत आली होती, पण ती बसवायला सर्व्हर थोडा वेळ बंद ठेवावा लागणार होता. साहेब म्हणाले, "बंद? मग काम कोण करणार, तुम्ही?" वर बजावलं, की घोटाळा झाला तर नोकरी गेली समजा. मी दुरुस्ती बाजूला ठेवली. कामं बाजूला ठेवण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

आता तुझ्या सूनबाई, म्हणजे आमच्या स्वागतकक्षातल्या वहिनी. त्यांनी चुकून घरचा एक फोटो (तू खुर्चीत तोंड उघडं टाकून झोपली आहेस, तो) गिऱ्हाइकाच्या आराखड्यांत टाकला. तो पुसून द्या म्हणून त्या रोज मागे लागायच्या, मी रोज उद्यावर ढकलायचो. शेवटी इकडेतिकडे बोटं मारता मारता त्या त्याच भोकातून वर गेल्या आणि थेट प्रमुख झाल्या. फोटो पुसला. मग हात चाललाच आहे म्हणून सगळ्यांची तुंबलेली कामं मार्गी लावली आणि माझे अधिकार काढून घेतले. वर म्हणतात, "भाऊजी, तुम्ही फार दमता हो. बसा जरा." आता दुरुस्ती बसवायला मला अधिकार नाहीत आणि अधिकार मिळवायचे तर त्याच भोकातून चोरासारखं शिरायला हवं. साहेबांना सांगावं, तर दोघांचीही नोकरी जाईल. आत्या, मी फार थकलोय गं.

तुझा, कालपरवापर्यंत प्रमुख असलेला,
भाचा

ता.क. खरं तर एवढ्यासाठीच लिहायला बसलो: वहिनी तुझा शब्द मोडत नाहीत. माझे अधिकार परत द्यायला सांग ना.

आणखी ता.क. राहू दे. साहेब जेवायला गेलेले बघून वहिनींनी आत्ताच, कुणालाही न विचारता, सर्व्हर बंद केला, दुरुस्ती बसवली आणि पुन्हा चालूही केला. साहेबांना पत्ता नाही. नोकरी वाचली, पण आता वर चढायला मला भोकसुद्धा उरलं नाही. तेव्हा त्यांना एवढंच विचार, भाऊजींनी उद्यापासून स्वागतकक्षात किती वाजता येऊन बसायचं.