भाव चढला की घरी

तीर्थरूप आईस, इथूनच वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. चार घास जास्तच खातो.

आमच्या सुतारखान्यातले पॉलिशवाले काका इथे नवीन आले, तेव्हा इथल्या एका नोटेचे आपले आठ रुपये मिळायचे. मग बारा झाले, सतरा झाले. "अजून थोडा भाव चढला की घरी जाणार," असं काका म्हणतच राहिले. काल बावीस झाले. आम्ही टाळ्या पिटल्या. "काका, आता तरी बॅग भरा!"

"पंचवीस होऊ दे," म्हणाले आणि स्वतःच खो खो हसले. मग हळूच म्हणाले, "लेक आता फोनवर मला परक्यासारखं अहो-जाहो करते रे."

मी तडक मालकांकडे गेलो आणि महिन्याची रजा घेतली.

बाबांचा खोकला खरंच कमी आहे ना? मी येतोय हे त्यांना सांगू नकोस. दार त्यांनाच उघडू दे.

तुझा खादाड धाकटा