एकाच छिद्रात पाच गोळ्या

ति. दादा,

तुला आणि वहिनीला वाकून नमस्कार. तुझा गुडघा जिन्यावर अजून कुरकुरतो का, आणि वहिनीच्या डोळ्यांत थेंब घालायचं काम तू करतोस की तिच्यावरच ढकललंस, ते कळव. इकडे मी धडधाकट आहे. मुंगीही (तुझी लेक, एकोणीस वर्षांची झाली तरी मी तिला मुंगीच म्हणणार) प्रकृतीने ठीक आहे. फक्त परवापासून ती माझ्याशी बोलत नाही. कारण मीच सांगतो, तिच्याकडून कळलं तर माझी धडगत नाही.

तिची नेमबाजीची निवड चाचणी येत्या रविवारी आहे, हे तुला ठाऊक आहे. गेल्या मंगळवारी तिने चाचणीतून नाव काढायचं ठरवलं, हे ठाऊक नाही. त्याचं मूळ माझ्या पाकिटात होतं. मुंगीसाठी रायफल आणली त्या महिन्यात मी पन्नास मीटरवरून झाडलेल्या पाच गोळ्या एकाच छिद्रातून गेल्या. तो कागद मी घडी घालून पाकिटात ठेवला आणि इस्त्रीवाल्यापासून दंतवैद्यापर्यंत सगळ्यांना दाखवला. (दंतवैद्याला दाखवताना माझ्या तोंडात त्याची हत्यारं होती, त्यामुळे वर्णन जरा आटोपतं घ्यावं लागलं.) मुंगीलाही दाखवला, आणि वर छातीठोकपणे सांगितलं की ही रायफल असंच मारते. आता त्या महिन्यात झाडलेले बाकीचे तीसेक कागद कुठे गेले म्हणशील, तर केराच्या टोपलीत. एखादी गोळी भलतीकडे गेली की मी म्हणायचो, ही धरायची नाही, माझा हात हलला. रायफलीवर किटाळ येऊ द्यायचं नाही, हा माझा बाणा! पुढे मुंगी झाडायला लागली, आणि तिची गोळी बाहेर गेली की मी तिलाही तेच ऐकवायचो, हात हलला. पोरीने पहाटे उठून व्यायाम केले, चहा सोडला, श्वास मोजले. शेवटी म्हणाली, रायफल एवढी चांगली आहे आणि मी नाही, तर दुसऱ्या कुणाची जागा कशाला अडवू?

मी घाबरलो, आणि घाबरून नको ते केलं. क्लबातल्या बंदूक-मिस्त्रीला गाठलं आणि म्हटलं, ही रायफल किती अचूक आहे ते एकदा हिला दाखवून द्या. ते पाहून ती ईर्ष्येने पेटून उठेल, असा माझा होरा. (तू मला लहानपणापासून ओळखतोस, तेव्हा पुढचं वाचायच्या आधी कपाळाला हात लावून घे.)

मिस्त्रीने रायफल टेबलावर वाळूच्या पिशव्यांवर अशी बसवली की हात हलायचा प्रश्नच उरला नाही. दहा कागद, प्रत्येकावर पाच गोळ्या, एकही वगळायची नाही. मुंगी मागे खुर्चीत, दुर्बिणीला डोळा लावून. वारा अजिबात नव्हता. पहिल्या कागदावर पाचही छिद्रं शर्टाच्या बटणाखाली झाकली जातील इतकी जवळ आली. मी टाळी वाजवायला हात उचलले आणि मुंगीकडे पाहिलं. ती हातमोजे पिशवीत भरत होती. दुसरा कागदही चांगला. तिने जाकिटाचे पट्टे सोडले. तिसऱ्यावर चार गोळ्या गुण्यागोविंदाने एकमेकींजवळ बसल्या आणि मी मनातल्या मनात रायफलीला शिव्या घालू लागलो (त्याच सकाळी मी तिला मऊ फडक्याने पुसलं होतं). बिघड, बये, एकदा तरी बिघड! पाचवी सुटली.

"डावीकडे," दुर्बिणीमागून मुंगी म्हणाली. "बरीच."

सवयीने माझ्या तोंडून गेलं, "ती धरू नका."

"का?" मिस्त्रीने विचारलं. "सुटली ना? कागदाला लागली ना? मग धरायची."

त्यानंतर कधी आवळून, कधी ऐसपैस, असे दहा कागद पुरे झाले. त्याने पट्टी घेऊन प्रत्येकावरचं सर्वांत लांबच्या दोन छिद्रांमधलं अंतर मोजलं. उत्तम नऊ मिलिमीटर, वाईट एकोणतीस, सरासरी अठरा. मग त्याने मुंगीचे कागद मागितले. तिच्या फायलीत बरेवाईट सगळे होते, तारखांसकट. शेवटच्या वीस कागदांची सरासरी निघाली वीस. पोट टेकून, स्वतःच्या हातांनी, आणि पिशव्यांवरच्या रायफलीपेक्षा फक्त दोन मिलिमीटर जास्त! मिस्त्री म्हणाला, कारखान्यातून येते तशी, या किमतीची रायफल एवढंच देते, आणि हे चांगलंच आहे. काडतुसं बदलून पाहिलीत तर थोडा फरक पडेल. दर वेळी एकच छिद्र हवं असेल तर तसल्या रायफलीची किंमत काकांना बसवून सांगावी लागेल.

मला वाटलं, ती आनंदाने उडी मारेल. तिने विचारलं, "काका, तुझे बाकीचे कागद कुठे आहेत?" मी सांगितलं. त्यावर ती एवढंच म्हणाली, "सात महिने मी माझा हात बघत बसले." आणि पिशवी उचलून एकटी बसने घरी गेली. मला लाज वाटली, दादा. अजून वाटते.

तुझा धाकटा

ता. क. : तिने नाव काढलेलं नाही, क्लबाच्या फलकावर दोनदा पाहून आलो. आता खरं काम. चाचणीत प्रत्येक खेळाडूच्या मागे घरचं एकच माणूस बसू देतात. मला ती बसू देणार नाही. तेव्हा शनिवारच्या गाडीने तू नक्की ये, सबबी नकोत.

ता. क. दुसरं : पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात ती दारात आली. म्हणाली, "रविवारी साडेसहाला निघायचं. मागे तू बस, पण तोंड उघडायचं नाही." तेव्हा तुझं येणं रद्द समज. आलासच तर बाहेर बाकावर बस. खुर्ची एकच आहे आणि ती मी कुणालाही देणार नाही, तू तिचा बाप असलास तरी.