दादाची रॅम

शहादा-सुरत बस, गुरुवार, रात्र

कॉलेजचा आराखडा उद्या सकाळी ऑनलाइन जमा करायचाय आणि माझा कॉम्प्युटर पुन्हा अडकला. प्रकाशा गावच्या घाटाजवळ यात्रेकरूंसाठी धर्मशाळा, तिच्या आराखड्यावर वर्षभर मेहनत केली. शेवटचं चित्र कॉम्प्युटरवर तयार होताना अर्ध्यावर येतं आणि थांबतं.

दादा आज सुरतहून आला, स्वतःच्या कॉम्प्युटरमधली वेगवान रॅम काढून घेऊन. त्याची ३२०० ची, माझी २४०० ची, जीबी तेवढेच. बसवली. स्क्रीनवर वेग पुन्हा २४००. माझा मदरबोर्ड त्यापुढे जातच नाही. हे मी आधी का नाही पाहिलं? बंद करून परत सुरू केला. २४००.

दादानं मागून विचारलं, "आते तरी पयी ऱ्हायनं का?" कॉम्प्युटर आता तरी पळतोय का, म्हणे.

"हाव," म्हणाले. का म्हणाले?

तो निघायला लागला तेव्हा मात्र रडू आवरेना. "नही पयी ऱ्हायनं, दादा."

तो दारातच थांबला. "मंग रॅम काढ. सुरतले चाल, मन्हा कॉम्प्युटरवर करूत."

आता बसमध्ये लिहितेय. दादा शेजारी झोपलाय. सकाळपर्यंत चित्र पूर्ण होईल? मला नाही वाटत. तरी निघाले.