आर्णीत सिग्नल चांगला आहे

८ डिसें., सोम.
आर्णीजवळ आमच्या तांड्यावर पोचलो. ऑफिसात कारण सांगितलं याडीच्या, म्हणजे आईच्या, गुडघ्याचं. खरं म्हणजे चॅनलच्या मालकांना टाळतोय. रात्री नऊचा चर्चेचा कार्यक्रम एका तासाचा दोन तासांचा करायचाय, वृत्तप्रमुख म्हणून माझी मंजुरी हवी. शुक्रवारपर्यंत. दिली तर समूह संपादकपद. नाही दिली तर... बघू. आयुष्य या धंद्यात गेलं आणि आता आईच्या पदरामागे लपलोय.
गुडघा ठणठणीत आहे. याडी कापूस वेचायला गेली होती.

९ डिसें.
घरी आपलं चॅनल लागत नाही. बाकी सगळी लागतात; भजनांचं, कुस्तीचं, भांडी विकणारंसुद्धा. वितरणवाल्या देशमुखला झाडलं. मीटिंगमध्ये विदर्भाचे रंगीत नकाशे दाखवता आणि माझ्याच घरी अंधार? बिचाऱ्याची तंतरली.
याडी म्हणे, "जाऊ दे ना बाबू. कायले डोकं तापवून राह्यला?"

१० डिसें.
देशमुखचा फोन. माणूस पाठवून तपासलं. आर्णीत सिग्नल चांगला आहे. मग अडखळला. "सर, लोकांनीच लॉक करून घेतलंय. बऱ्याच घरांत."
"मशिदीमागच्या?"
"नाही सर. सगळीकडच्या."
माझा प्रश्न माझ्याच कानाला लागला. नऊच्या कार्यक्रमाची भाषा माझ्याही जिभेवर बसलीय.

११ डिसें.
सलीमला फोन केला. शाळेत एका बाकावर होतो; आता आर्णीत डिश बसवतो, आमचीही त्यानंच बसवली. म्हटलं, येऊन बघ जरा, आपलं चॅनल दिसत नाही. 
"मशीन चांगली हाय रे."
"मग?"
"याडीले विचार."

विचारलं. ती तुरीच्या शेंगा सोलत होती, मान वर केली नाही. "मीच सांगतलं त्याले कुलूप लावाले. शुक्रवारी नमाज झाली का तो इथं जेवाले येते. त्याच्या ताटापुढं तुहे लोकं त्यायच्या लोकायले शिव्या देतात. मले लाज वाटे."
"कुलपाचा नंबर काय?"
"त्याच्यापाशी हाय. मले कायले पायजे?"
म्हणजे कुलूप लावायला त्यालाच सांगितलं. त्यानं लावलं, जेवला, गेला. मला दोघांपैकी कुणी बोललं नाही. फार लागलं हे. रागही आला, कुणाचा ते कळेना.

१२ डिसें., शुक्र.
सलीम दुपारी आला. दाढी पिकलीय. तुरीच्या सोल्याची भाजी, भाकरी. माझ्या मुलीची चौकशी केली, त्याच्या पोराचं लग्न ठरलंय ते सांगितलं. चॅनलबद्दल चकार शब्द नाही. शेवटी मलाच राहवलं नाही. मला फोन का नाही केलास? एवढी वर्षं ओळखतोस, सांगायचं तरी.
भाकरी मोडता मोडता थांबला. "कार्यक्रम बंद कर म्हणून सांगतलं असतं, अन् तू नाई म्हणला असता, त मंग मी इथं जेवाले कसा आलो असतो?"
मी नाही म्हणालो असतो. त्याला ठाऊक होतं. मलाही.
हात धुऊन त्यानं रिमोट घेतला, जुनं कुलूप काढलं. "आता नवा नंबर तू टाक. मले सांगू नको. लावाचं का खोलाचं, तुह्यं तू पाय."

तो जाऊन तास झाला. पडद्यावर नव्या नंबराच्या चार रिकाम्या चौकटी तशाच आहेत. मालकांचे तीन फोन येऊन गेले, उचलले नाहीत. याडी अजून दारात उभी. म्हणते, सलीम जाताना दर वेळी सांगून जातो, "येतो पुढच्या शुक्रवारी." आज म्हणाला नाही. तुला ऐकू आलं का, म्हणून मला दोनदा विचारलं.
नाही आलं.
फोन परत वाजतोय.