परत पाठवलेलं मटण

आई,

तुझे हात डोळ्यांना लावून बासू लिहितो की मी खुशाल आहे, पोटभर जेवतो. तुझे गुडघे कसे आहेत? तांबडी शेळी व्याली का?

मोहल्ल्याचा मुकादम झाल्यापासून इथे सगळे उठून सलाम करतात. तू गावभर सांगत फिरतेस म्हणे. नको सांगूस.

शेजारच्या विधवा तामूबाई दर शुक्रवारी मला वाफवलेल्या रव्याचा कुसकुस पाठवतात. पूर्वी त्यावर भोपळा असायचा, हल्ली मटणाचा मोठा तुकडा असतो. लेकाच्या लग्नासाठी त्यांनी गच्चीवर परवानगीशिवाय खोली चढवलीय, आणि असलं बांधकाम वर कचेरीत कळवणं माझं काम. मी कळवणार नव्हतोच गं! मटण मात्र खात राहिलो. मागच्या शुक्रवारी रिकामा वाडगा परत द्यायला गेलो, तर घरातले सगळे नुसत्या भोपळ्यावर जेवत होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हणून काल मटण तसंच झाकून परत पाठवलं.

संध्याकाळी गच्चीवर घणाचे घाव ऐकू आले. धावत गेलो. तामूबाई स्वतःच भिंत पाडत होत्या.

"मुकादमसाहेब, वर कळवू नका. पाडतेच आहे."

आई, परवापरवापर्यंत त्या मला 'बाळा' म्हणायच्या.

दुवा देत राहा.

तुझा बासू