आभाळाच्या फोटोतली वाळू

आदरणीय झैदमामांना,

बास्सूचा सलाम. तुमची दाढी, तुमचे गुडघे आणि तुमची उंटीण (तिला मी घरच्या माणसांतच धरतो) खुशाल असावीत. इकडे मेर्झूगात आई बरी आहे. तुम्ही उंट चारायला डोंगराकडे गेल्यापासून तिला ओरडायला मीच एकटा उरलोय, एवढंच.

तर मामा, आमच्या तंबूत नॉर्वेचे ओलाफसाहेब उतरले होते, वाळूच्या टेकडीवरचं रात्रीचं आभाळ टिपायला. भला माणूस, पण एकेक तऱ्हा! चंद्र नको, वारा नको आणि वाळूवर एकसुद्धा पाऊल नको. मी छातीठोकपणे सांगितलं, तिकडे कुणी फिरकत नाही. (फिरकतं. ते पुढे येईलच.) मग खजुरीची फांदी घेऊन टेकडी झाडायला लागलो. वाळवंट झाडणारा आपल्या कुळात मी पहिलाच. आई म्हणाली, झाडून झालं की पुसूनही घे. अंधार पडल्यावर साहेब निघाले, तर चहाचा तिसरा पेला झाल्याशिवाय आई पाहुण्याला उठू देईना. शेवटी एकदाचे पोचलो, तर आमचा उंट नेमका कॅमेऱ्यापुढे फतकल मारून बसला. तो हलला तेव्हा साहेब म्हणाले, वाळूही दिसायला हवी, कंदील जमिनीलगत धरून फोटोच्या कडेबाहेरून चाल. मी चाललो. अक्कल कुठे चरायला गेली होती कोण जाणे.

तो फोटो आता रिसानीच्या चहाच्या दुकानात लागलाय, हा एवढा मोठा, गुरुवारच्या बाजाराला तुम्ही बसता त्या जागेच्या बरोब्बर समोर. परके लोक येतात आणि तारे बघून तोंडाचा आ करतात. पण आपली माणसं बघतात कुठे? खाली. उबासू म्हाताऱ्यानं पेला ठेवला, फोटोच्या खालच्या कडेशी नाक नेलं आणि भर दुकानात म्हणाला, "हा डावा पाय ओढतोय, म्हणजे बास्सू. आणि ही शेजारी टाच न टेकवता चालणारी, झैदची लेक इट्टो."

मी म्हटलं, चाचा, वाऱ्यानं उमटतं तसं.

"वाऱ्याला पाच बोटं असतात का रे?"

मामा, टेकडी मी पुढून झाडली, माथा राहिला, आणि कंदिलाच्या उजेडात तिथले ठसे फोटोत उतरले. त्या संध्याकाळी इट्टो चाळण परत द्यायला आली होती आणि मी तिला घरापर्यंत सोडायला निघालो होतो, इतकंच. (तुमचा तंबू उलट्या दिशेला आहे, हे मला मान्य आहे.) आता अख्ख्या बाजाराला कळलंय, म्हणून तुमच्या कानावर जाण्याआधी मीच लिहितोय.

तुमचा भाचा,
बास्सू

ता. क. झागोराच्या त्या खजूरवाल्याला तुम्ही अजून शब्द दिला नसेल, तर देऊ नका. माझा जीव इट्टोवर आहे आणि तिचा माझ्यावर. तुम्ही परतलात की आई रीतीप्रमाणे साखरेची ढेप घेऊन मागणी घालायला तुमच्या दारात येईल. ती ठेवून घ्या, पाया पडतो.

आणखी एक. फोटोपुढे उभं राहून माझ्या नावानं शिमगा करण्याआधी उजवा कोपरा नीट बघा. आमच्या मागे वीस पावलांवर ठशांची तिसरी ओळ आहे, चवडे बाहेर फेकत चालणारी. उबासू म्हातारा ती वाचून नुसता हसला, नाव घेतलं नाही. तुम्हाला ओळखायला वेळ लागायचा नाही, मामींशी तुमचा तीस वर्षांचा संसार आहे.