फोनवरचा समजूतदारपणा

चिमे,

ब्लडप्रेशरची गोळी मी बंद केलीय, हे आज फोनवर तुला मुद्दाम सांगितलं. तू शांतपणे म्हणालीस, "आई, तुला फार कंटाळा आलेला दिसतोय. बोल, मी ऐकतेय." समुपदेशक झालीस तेव्हापासून माझ्यावरही तेच!

तुझ्याकडे येणाऱ्यांना जन्मभर बोल लावणारेच भेटले असतील. त्यांना तुझं हे ऐकून घेणं अमृत वाटत असेल. माझ्यावर मात्र, तुझे बाबा गेल्यापासून, खेकसणारं कुणी उरलेलं नाही गं.

हे पत्र काही टाकत नाही. वाचून पुन्हा "समजतंय मला" म्हणशील. गोळी तळहातावर घेऊन बसलेय, पाणीही ओतलंय. पूर्वीसारखी एकदा ओरड ना, लगेच गिळते.

तुझी दमलेली,
आई